मनासारखा जोडीदार मिळावा म्हणून: महाराष्ट्रातील व्रते, देवस्थाने आणि लोककथा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लग्नाच्या वयाची मुले-मुली, त्यांचे आईवडील आणि लोकपरंपरेबद्दल कुतूहल असणारे वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कोणत्या व्रताने किती दिवसांत लग्न ठरते, याचे उत्तर येथे मिळणार नाही. त्या व्रतामागे कोणती कथा आहे, ती कोणत्या गावी घडली असे मानतात आणि आज तेथे काय पाहायला मिळते, हे मात्र सविस्तर सांगितले आहे.

मनासारखा नवरा मिळावा म्हणून महाराष्ट्रात कोणते व्रत सर्वाधिक केले जाते?

हरितालिका. बोलीत आपण हरतालिका म्हणतो. भाद्रपद शुद्ध तृतीयेला, म्हणजे गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी, कुमारिका आणि सुवासिनी दोघीही हा उपवास धरतात. 'हरिता' म्हणजे पळवून नेलेली आणि 'आलि' म्हणजे सखी. सखीने जिला पळवून नेले ती हरितालिका, अशी या नावाची फोड परंपरेने सांगितली जाते.

व्रताची कहाणी या नावातच आहे. पार्वती उपवर झाली तेव्हा नारदाने हिमालयापुढे विष्णूचे स्थळ आणले. स्थळ उत्तम होते, बापाने होकार देऊन टाकला. पार्वतीने मात्र मनोमन शंकराला वरले होते. तिने हे सखीला सांगितले आणि सखी तिला घोर अरण्यात घेऊन गेली. तेथे नदीकाठी पार्वतीने वाळूचे लिंग केले, निराहार राहून त्याची पूजा केली, रात्र जागवली आणि शंकर प्रसन्न झाला. शोधत आलेल्या बापाला तिने स्पष्ट सांगितले की शंकराशी लग्न लावून देणार असाल तरच मी घरी येईन, आणि बापाला ते मान्य करावे लागले.

मला ही कहाणी फार महत्त्वाची वाटते, कारण 'चांगला नवरा मिळावा म्हणून मुलींनी उपाशी राहायचे' एवढाच तिचा अर्थ आपण घरोघरी लावून ठेवला आहे. कहाणीतली मुलगी मिळेल तो नवरा पदरात पाडून घेत नाही. आलेले मोठे स्थळ ती नाकारते आणि मैत्रीण तिच्या पाठीशी उभी राहते. बाजारात मिळणाऱ्या हरतालिकेच्या मूर्तींमध्ये पिंडीजवळ दोन स्त्रिया बसलेल्या असतात, त्यांतली दुसरी ही सखी असते. कितीतरी मुलींना ती दुसरी बाई कोण, हे कोणी कधी सांगितलेलेच नसते.

हरतालिकेची पूजा नेमकी कशी करतात?

घरोघरी थोडाफार फरक असतो, पण गाभा एकच आहे. सकाळी न्हाऊन चौरंगावर किंवा पाटावर वाळूची पिंड करतात, तिच्या जवळ पार्वती आणि सखीच्या मातीच्या मूर्ती मांडतात, हळदकुंकू व फुले वाहतात आणि मग पत्री वाहतात. पत्री म्हणजे बेल, आघाडा, दूर्वा, तुळस, रुई, जाई अशी तऱ्हेतऱ्हेची पाने. त्यानंतर कहाणी वाचतात. चुलीवर शिजवलेले काही खायचे नाही असा दंडक बहुतेक घरी असतो आणि काही जणी पाणीही घेत नाहीत. रात्री झिम्मा, फुगड्या आणि गाण्यांनी जागरण होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा, नैवेद्य आणि विसर्जन.

माझी मावशी पिंड करायची ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर आहे. आदल्या दिवशी नदीवरून आणलेली वाळू ती आधी चाळून घ्यायची, मग त्यात ओंजळीने थोडेथोडे पाणी शिंपडत राहायची. पाणी कमी पडले तर पिंड ढासळते, जास्त झाले तर पसरते. वाळू मुठीत दाबून मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले की ती म्हणायची, "हं, आता धरेल." मग पाच मिनिटांत पिंड उभी राहायची आणि आम्हा मुलींना शाळुंकेची कड तेवढी बोटाने नीट करायला मिळायची.

प्रकृतीला झेपत नसेल तर निर्जळी उपवास करू नये. मधुमेह, रक्तक्षय किंवा गर्भारपण असताना तर वडीलधाऱ्या बायकाच फळे आणि दूध घ्यायला लावतात, आणि तेच योग्य आहे.

वटपौर्णिमा आणि मंगळागौर हीसुद्धा जोडीदार मिळवण्याची व्रते आहेत का?

नाहीत. दोन्ही लग्नानंतरची आहेत. मंगळागौर नवविवाहिता श्रावणातल्या मंगळवारी पूजतात आणि वटपौर्णिमा ज्येष्ठ पौर्णिमेला सुवासिनी करतात. सावित्रीच्या कथेचा पूर्वार्ध मात्र या विषयाशी थेट जोडलेला आहे आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो. महाभारताच्या वनपर्वात अश्वपती राजा आपल्या मुलीला सांगतो की तू स्वतः जा आणि आपल्याला योग्य असा वर शोध. सावित्री रथात बसून तपोवने पालथी घालते आणि राज्य गमावलेल्या आंधळ्या राजाच्या मुलाला, सत्यवानाला, निवडून येते. त्याला एकच वर्षाचे आयुष्य उरले आहे असे नारद सांगतो, तरीही ती निवड बदलत नाही. यमाशी झालेला संवाद त्यानंतरचा आहे.

लग्न ठरावे म्हणून 'रुक्मिणी स्वयंवर' वाचतात, ते काय आहे?

संत एकनाथांनी रचलेला हा ओवीबद्ध ग्रंथ आहे. त्याची रचना १५७१ मध्ये काशीत पूर्ण झाली. ग्रंथाचे १८ प्रसंग असून भागवताच्या दशम स्कंधातील रुक्मिणीहरणाच्या कथेवर तो आधारलेला आहे. उपवर मुलीने याचे नेमाने पारायण केले की लग्न जुळते, अशी श्रद्धा महाराष्ट्रात खोलवर रुजली आहे, आणि अनेक घरांत आजीची कापडात गुंडाळलेली पोथी नातीच्या हातात याच निमित्ताने येते. काही जणी रोज एक प्रसंग वाचतात, तर काही जणी ठरावीक दिवसांत पूर्ण पारायण करतात.

वाचणाऱ्या मुलीने पत्रिकेच्या प्रसंगापाशी थोडे थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले होते. तेव्हा तिने एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप पाठवला. भागवतात हा निरोप सात श्लोकांचा आहे. तुझे गुण ऐकून मी तुला वरले आहे, असे ती त्यात सांगतेच, शिवाय लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनासाठी मी नगराबाहेर जाईन तेव्हा तेथून मला घेऊन जा, अशी बारकाईने आखलेली योजनाही ती कळवते. म्हणजे हरण कृष्णाने केले खरे, पण त्याची वेळ आणि जागा रुक्मिणीने ठरवली होती.

रुक्मिणीचे माहेर नेमके कुठे आहे? तेथे जाता येते का?

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे मानले जाते. तेथे पुरातत्त्वीय उत्खननही झाले आहे. गावात विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर आहे आणि आषाढी वारीसाठी रुक्मिणीची पालखी तेथून पंढरपूरला निघते. ही पालखी म्हणजे माहेरची माणसे लेकीला भेटायला जातात अशा भावनेने वारकरी तिच्याकडे पाहतात.

जिथून हरण झाले ते देवीचे मंदिर कोणते, याबाबत दोन ठिकाणे सांगितली जातात. कौंडण्यपूरकर आपल्या गावच्या अंबिकेकडे बोट दाखवतात, तर अमरावतीकरांच्या मते ते अमरावतीचे अंबादेवी मंदिर. लग्न ठरावे म्हणून अंबादेवीला येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया आजही दिसतात. दोन्हीपैकी खरे कोणते हा वाद मिटवण्याची गरज मला कधी वाटली नाही, कारण दोन्ही ठिकाणच्या माणसांना रुक्मिणी आपली वाटते.

पंढरपुरात विठ्ठल आणि रुक्मिणी वेगवेगळे का उभे आहेत?

राधेला कृष्णाजवळ बसलेले पाहून रुक्मिणी रुसली आणि द्वारका सोडून पंढरपूरच्या दिंडीरवनात येऊन बसली, अशी लोककथा आहे. तिची समजूत काढायला कृष्ण मागोमाग आला आणि वाटेत पुंडलिकाच्या दारी विटेवर उभा राहिला. म्हणूनच तिचा गाभारा वेगळा आहे. माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे वसंत पंचमीला, मंदिरात दोघांचा विवाहसोहळा थाटात होतो आणि त्या दिवशी वऱ्हाडी म्हणून अक्षता टाकायला मोठी गर्दी लोटते.

नवीन जोडपी जेजुरीलाच का जातात?

खंडोबा हे महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत आहे, त्यामुळे लग्नानंतर जोडीने दर्शन घेणे, भंडारा उधळणे, तळी भरणे आणि घरी जागरण-गोंधळ घालणे हा कुळाचार ठरलेला असतो. नवऱ्याने नवरीला उचलून गडाच्या किमान पाच पायऱ्या चढायच्या, हा त्यातला सर्वांच्या आवडीचा भाग. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायरीवर पाय सरकू नये म्हणून नवरा जपून पाऊल टाकतो, नवरीने एका हाताने त्याची मान आणि दुसऱ्या हाताने शालूचा घोळ धरलेला असतो, आणि मागून सगळे वऱ्हाड 'येळकोट येळकोट जय मल्हार' असा गजर करत असते.

अविवाहित मुलामुलींनी खंडोबाची कथा ऐकावी ती आणखी एका कारणाने. त्याची पहिली बायको म्हाळसा ही नेवाशाच्या वाण्याची लेक. दुसरी बाणाई ही धनगराची, चंदनपुरीची. चंदनपुरी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ आहे. म्हाळसेशी सारीपाटात हरलेला देव बाणाईच्या बापाच्या घरी वेष पालटून मेंढ्या राखायला राहिला, अशी कथा वाघ्या-मुरळी जागरणात रात्रभर रंगवून सांगतात. याशिवाय रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चांदाई भागवानीण याही त्याच्या बायका मानल्या जातात. जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचे मंदिर लागते. सवतींचे पटेना म्हणून म्हाळसा वर आणि बाणाई खाली राहिली, असे तेथे सांगतात.

देवाने जातीबाहेर लग्ने केली आणि आपण त्या लग्नांची गाणी पिढ्यानपिढ्या गातो. त्याच देवाच्या नावाने कुळाचार करणाऱ्या घरात मुलाने किंवा मुलीने परजातीतला जोडीदार निवडला की त्यांच्याशी संबंध तोडले जातात, हे मला अतिशय दुःखद वाटते.

देवांची लग्ने पाहायला कुठे जावे?

पंढरपूरखेरीज तीन ठिकाणे आवर्जून पाहण्यासारखी आहेत.

सातारा जिल्ह्यात कराड तालुक्यातील पाल येथे तारळी नदीच्या काठी पौष महिन्यात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. मुहूर्त गोरजाचा असतो, आणि सूर्य मावळतीला जाताना भंडारा-खोबऱ्याची जी उधळण होते तिने अवघा परिसर पिवळा होतो.

त्याच जिल्ह्यात माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरला शंभू महादेव आणि पार्वतीचे लग्न चैत्र शुद्ध अष्टमीला होते. त्याआधी देवाला हळद लागते. लग्नाच्या दिवशी शंभू महादेवाच्या मंदिराच्या कळसापासून बळी मंदिराच्या कळसापर्यंत पांढऱ्या कापडाची लांबच लांब पट्टी बांधतात. तिला पागोटे किंवा ध्वज म्हणतात. हे कापड मानकरी विणकर नेमधर्म पाळून विणतात. डोंगराच्या माथ्यावर उन्हात फडकणारी ती पट्टी म्हणजे दोन मंदिरांमध्ये मारलेली लग्नगाठच वाटते.

तिसरे ठिकाण कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातील मारळ गावाजवळ सह्याद्रीच्या कड्यातील गुहेत मार्लेश्वराचे स्थान आहे. मकर संक्रांतीला त्याचे लग्न साखरप्याच्या गिरिजादेवीशी लागते. नवरीची पालखी साखरप्याहून आणि नवऱ्याची आंगवलीच्या मठातून निघते. डोंगरवाट चढून पालख्या आल्या की मानकऱ्यांच्या साक्षीने रीतसर मागणी घालण्यापासून सगळे विधी होतात, आणि लग्न लिंगायत पद्धतीने लावले जाते. या सोहळ्याला कल्याणविधी म्हणतात. जवळच धारेश्वराचा धबधबा आहे. गुहेत सापांचा वावर असतो, म्हणून कपारीत हात घालू नये आणि त्यांना त्रास देऊ नये.

या लग्नांना उपवर मुलामुलींनी हजर राहावे, देवाच्या अंगावरची अक्षता झेलावी, म्हणजे वर्षाच्या आत आपल्याही दोनाचे चार हात होतात, अशी भाविकांची समजूत आहे. घरच्या लग्नात नवरानवरीची उरलेली हळद अविवाहित भावंडांच्या गालाला लावतात, त्यामागची भावनाही हीच.

'आळंदीला जाऊन लग्न केले' असे का म्हणतात?

घरच्यांचा विरोध असलेली जोडपी पुण्याजवळच्या आळंदीत जाऊन लग्न लावतात, म्हणून हा वाक्प्रचार रुळला. तेथे धर्मशाळा आणि मंगल कार्यालये भरपूर आहेत, भटजी मिळतात आणि खर्चही आवाक्यात असतो, हे त्याचे व्यावहारिक कारण. पण आळंदीचा प्रेमाशी असलेला संबंध याहून जुना आहे आणि तो ज्ञानेश्वरांच्या आईचा आहे.

रुक्मिणीबाई आळंदीच्याच. त्यांचे पती विठ्ठलपंत काशीला गेले आणि तेथे त्यांनी संन्यास घेतला. रुक्मिणीबाई आळंदीत मागे राहिल्या आणि सिद्धेश्वराजवळच्या सुवर्ण पिंपळाला नित्य प्रदक्षिणा घालत राहिल्या. योगायोगाने विठ्ठलपंतांचे गुरू तीर्थयात्रा करत आळंदीला आले. नमस्कार करणाऱ्या या बाईला त्यांनी 'पुत्रवती भव' असा आशीर्वाद दिला. नवरा संन्यासी झाला असताना हा आशीर्वाद फळणार कसा, असे रुक्मिणीबाईंनी विचारले आणि तेव्हा गुरूंना सगळा प्रकार कळला. गुरूंच्या आज्ञेने विठ्ठलपंत संसारात परतले. समाजाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले, मुलांना 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवले, आणि त्यांपैकीच एकाने, ज्ञानेश्वरांनी, १२९६ मध्ये त्याच गावी समाधी घेतली. घरच्यांनी दार बंद केलेली जोडपी नेमकी याच गावी येतात. मंदिराच्या आवारात आजही तो पिंपळ दाखवतात.

मंदिरात हार घातले की लग्न कायदेशीर होते का?

नुसत्या हारांनी होत नाही. मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे. दोघेही हिंदू असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात, आणि जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवे पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होते. विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळवल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून विधीचे फोटो आणि साक्षीदार असू द्यावेत आणि नोंदणी लगेच करून घ्यावी. धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो, त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

मुलांसाठी काही व्रत नाही का?

हरतालिकेसारखे सर्वत्र रूढ असलेले व्रत नाही. मुले कुलदैवताला नवस बोलतात, काही जण सोळा सोमवार करतात. आज गावोगावी शेतकरी तरुणांची लग्ने रखडली आहेत, ही वेदना खरी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा त्यांनी घटलेल्या मुलींच्या संख्येकडेच बोट दाखवले होते. ज्या घरांनी मुलगी नको म्हटले त्यांच्याच पुढच्या पिढीला सून मिळेना, आणि यावर कोणत्याही देवाकडे उतारा नाही.

कोणी वशीकरणाने प्रेम जुळवून देतो म्हणाला तर?

त्याला पैसे देऊ नका आणि पोलिसांकडे तक्रार करा. चमत्काराचा दावा करून फसवणूक करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. वर सांगितलेल्या एकाही कथेत पार्वतीने, रुक्मिणीने किंवा सावित्रीने कोणाच्या मनावर ताबा मिळवलेला नाही.

बीबी का मकबरा हे प्रेमाचे स्मारक आहे ना?

आहे, पण समजतात तसे नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी तो बांधला गेला, आणि त्याचे श्रेय तिचा मुलगा आझमशाह याला दिले जाते. म्हणजे ते मुलाच्या मातृप्रेमाचे स्मारक म्हणावे लागेल. पेशवाईतल्या प्रेमाची खूण शोधणाऱ्यांनी शनिवारवाड्याचा मस्तानी दरवाजा पाहावा आणि शिरूर तालुक्यातील पाबळला मस्तानीच्या कबरीवर फूल ठेवून यावे. बाजीराव आणि मस्तानी दोघेही १७४० मध्ये गेले. त्याची समाधी नर्मदाकाठी रावेरखेडीला, तिची कबर पाबळला.

आमच्या गावीही अशी कथा सांगतात. ती कशी जपावी?

सांगणाऱ्या व्यक्तीच्या आवाजातच ध्वनिमुद्रित करावी आणि मध्ये बोलू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या अशाच ऐकून ऐकून. आजीला 'देवाची गोष्ट सांग' म्हटले तर ती बहुधा पोथीतली सांगेल. त्याऐवजी 'हरतालिकेला तू काय मागितले होतेस?' असे विचारावे. माझ्या मावशीला मी हा प्रश्न ती सत्तरीची झाल्यावर विचारला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मी काही मागितलंच नव्हतं गं, मला कुणी सांगितलंच नाही की मागायचं असतं."